हात लावला की हात लागला? नाशिकच्या एका इंग्रजी वर्गातला ‘टच’चा धडा

कॉलेज रोडवरच्या या स्पोकन इंग्लिश वर्गात ‘टच’ या एकाच क्रियापदाला अख्खा तास दिला जातो. तो वाया जात नाही.

सुरुवात मराठीपासून होते, हे फार चांगलं. आपण भिंती‘ला’ हात लावतो. तो ‘ला’ इंग्रजीत नेला की ‘आय टच्ड टू द वॉल’ होतं. ‘टच’पुढे ‘टू’ नको, वस्तू थेट येते. ‘हात’ही सांगायचा नाही, तो क्रियापदातच आला. माणसाच्या खांद्याला हात लावला तर ‘टच्ड हिम ऑन द शोल्डर’: आधी माणूस, मग अवयव, आणि अवयवाआधी ‘द’.

खरी मेहनत ‘लावला’ आणि ‘लागला’वर घेतली आहे. तव्याला हात लावला आणि तव्याला हात लागला, मराठीत मुद्दाम की चुकून ते लगेच कळतं. इंग्रजीत दोन्हीकडे ‘टच्ड’च, म्हणून चुकून असेल तर ‘बाय मिस्टेक’ जोडावं लागतं. सिटीलिंक बसच्या गर्दीत पाय लागल्यावर ‘आय टच्ड यू’ म्हटलं तर मुद्दाम केल्यासारखं वाटतं. ‘सॉरी, माय फूट टच्ड यू’ बरोबर. धक्का लागला तर ‘टच’ नाहीच, तिथे ‘बम्प्ड इनटू’. ‘जेवणाला हात लावला नाही’ मात्र जसंच्या तसं जातं: ‘ही हॅजन्ट टच्ड हिज फूड’. सराव द्राक्षबागेचा आहे: ‘डोन्ट टच द बेरीज, होल्ड द बंच बाय द स्टेम’. बोटं लागली की मण्यांवरचा पांढरट थर पुसला जातो, हे इथे कुणाला समजावावं लागत नाही, त्यामुळे वाक्य पक्कं बसतं.

उच्चारात वर्ग कमी पडतो. ‘टचेड’ खपवून घेतात. शेवटचा ‘च’ अघोष, म्हणजे घशात कंप न होता उच्चारला जाणारा, असल्याने भूतकाळाच्या ‘-ed’ प्रत्ययाचा नुसता ‘ट’ होतो: ‘टच्ट’, एका दमात. ‘वॉच्ट’, ‘मॅच्ट’ तसंच. उलट ‘टचिझ’ दोन तुकड्यांत, कारण ‘च’ला ‘स’ सरळ जोडता येत नाही. दहा मिनिटांत बसणारी गोष्ट आहे ही.

आणखी एक उणीव. कर्माशिवायचा ‘टच’ शिकवतच नाहीत. संध्याकाळच्या तुकडीत सातपूर, अंबडच्या कारखान्यांतली मंडळी असतात. ‘तारा एकमेकींना टेकल्यात’ हे त्यांना शॉपफ्लोअरवर तातडीने सांगता यायला हवं: ‘द वायर्स आर टचिंग’. नाव नोंदवताना हा भाग मुद्दाम मागून घ्या.