टाकीवर मधोमध चिकटपट्टी: वॅक्स, सीलंट आणि सिरॅमिक स्प्रे, नऊ महिन्यांनंतर

काळा रंग काहीच लपवत नाही, हे मोटरसायकल घेताना मला कुणी सांगितलं नव्हतं. वर्षभरातच पेट्रोलच्या टाकीवर बारीक गोल चऱ्यांची जाळी दिसायला लागली. सावलीत गाडी नवीकोरी, उन्हात उभी केली की टाकीवर कोळ्याने घर केल्यासारखं. मी बरेच दिवस रस्त्यावरच्या धुळीला शिव्या घातल्या. धूळ होतीच, पण ती रंगावर घासत कोण होतं? रोज सकाळी सीटखालून जुन्या बनियनचं फडकं काढून कोरड्या टाकीवर गोल गोल फिरवणारा मीच.

धुळीत वाळूचे कण असतात, त्यात क्वार्ट्झ असतं आणि क्वार्ट्झ काचेवरही चरा पाडतं. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40 ते 60 मायक्रॉनचा. डोक्यावरचा केससुद्धा बहुधा त्याहून जाड निघेल. तेव्हा कोणतं वॅक्स चांगलं हा प्रश्न नंतरचा. आधी ते बनियन गेलं.

त्यानंतर सुरू झाला प्रयोग. रंगाला संरक्षण द्यायला तीन गोष्टी आणल्या होत्या: कार्नोबा वॅक्स, सिंथेटिक सीलंट (कृत्रिम पॉलिमरचा थर) आणि सिरॅमिक स्प्रे (सिलिकाचा थर देणारा). ज्याला विचारावं तो आपलीच बाटली चांगली म्हणतो, म्हणून टाकीवर मधोमध कागदी चिकटपट्टी लावली. डावीकडे वॅक्स, उजवीकडे सीलंट, मागच्या काउलला, म्हणजे सीटमागच्या आवरणाला, सिरॅमिक स्प्रे. काउलला टाकीइतकं ऊन आणि घासणं सोसावं लागत नाही, त्यामुळे ही तुलना अगदी सरळ नव्हती. पुढे तोच स्प्रे टाकीवरही मारला, त्याचं खाली येईलच.

लावायच्या आधी गाडी भांडी घासायच्या लिक्विडने धुतली, जुनं काही चिकटलेलं असेल तर निघावं म्हणून. एवढ्या एकाच कामापुरतं ते लिक्विड बरं. एरवी वापरलं तर लावलेलं वॅक्सही घेऊन जातं. कपड्यांच्या पावडरीचं तर नावच नको, तिच्यात अल्कली जास्त असतो आणि न विरघळलेले दाणे फडक्यात अडकून बसतात. धुतल्यावर हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून टाकीवरून बोटं फिरवली. डोळ्यांना चकचकीत दिसणारी टाकी पिशवीतून खरखरीत लागली, रव्याच्या पोत्यावरून हात फिरवावा तशी. तो खरखरीतपणा क्ले बारने, म्हणजे रंगात रुतलेले कण उचलणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने गेला. क्ले फिरवताना पृष्ठभाग शाम्पूच्या पाण्याने सतत ओला हवा. क्ले खाली पडला तर टाकून द्यायचा, जीव कितीही तुटला तरी. मग बारीक पॉलिश, हाताने, फोमच्या पॅडने. निम्मी जाळी गेली, निम्मी राहिली. मशिनने आणखी गेली असती, पण पॉलिश म्हणजे थर खरवडणंच आणि टाकीच्या कडांवर रंग मुळातच पातळ असतो. तिथे मशिन फिरवायची माझी छाती झाली नाही.

आता निकाल. दिसायला वॅक्स पहिलं, यात वादच नाही. काळ्या रंगाला जी ओली खोली येते ती दुसऱ्या कशाने आली नाही. कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. ते 80 अंशांच्याही वर वितळतं, त्यामुळे उन्हात वाहून जात नाही, पण झिजतं मात्र भराभर. पाचव्या आठवड्यात डाव्या बाजूला पाण्याचे थेंब उभे राहायचे बंद झाले, पाणी नुसतं पसरायला लागलं. उजवीकडे सीलंटवर तेव्हा टपोरे थेंब होते. सीलंटची चमक काचेसारखी, जरा कोरडी, पण साडेतीन महिने तो टिकला. गुडघे टेकतात तेवढी जागा मात्र दोन महिन्यांतच मोकळी झाली.

सिरॅमिक स्प्रे काउलवर पाच महिन्यांनंतरही काम करत होता. मग टाकीवरचं उरलंसुरलं काढून तिलाही तोच मारला, त्याला आता चार महिने होत आले. धूळ कमी चिकटते आणि धुणं निम्म्या वेळात होतं, हा खरा फायदा. तोटा असा की टपोरे थेंब उन्हात जागेवरच सुकतात आणि पाण्यातला क्षार पांढऱ्या गोल कड्यांच्या रूपात मागे राहतो. पावसात भिजलेली गाडी तशीच ठेवली तर एक वेळ चालतं, पण नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याने धुऊन तशीच सोडली की कडी उमटलीच. व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन फडक्याने टिपलं, लगेच साध्या पाण्याने धुतलं की ताजी कडी जातात. जुनी झाली की रंगात रुततात.

बाटलीवरच्या '9एच'ला भुलू नका. हा आकडा पेन्सिलच्या चाचणीचा आहे, 9एच या कठीण पेन्सिलीने चरा पडत नाही एवढाच त्याचा अर्थ. कोरड्या धुळीवर फडकं फिरवलंत तर सिरॅमिकवरही जाळी येणार. दगड उडाला तर टवका उडणार. (गाडी तयार करून जे घट्ट सिरॅमिक कोटिंग करतात ते वेगळं प्रकरण, ते मी केलेलं नाही.)

दोन गाढवपणे सांगून टाकतो. पहिला, सीलंट उन्हात तापलेल्या टाकीवर लावला. तो जागेवर वाळून असा बसला की काढताना घाम निघाला, आणि शेजारच्या खरखरीत काळ्या प्लास्टिकवर जे पांढरं लागलं ते टूथब्रशने दोन दिवस घासत होतो. दुसरा जास्त गंभीर. मागच्या काउलवर स्प्रे थेट मारला आणि त्याचे तुषार मागच्या ब्रेक डिस्कवर गेले. गाडी हलवायच्या आधी लक्षात आलं म्हणून बरं, ब्रेक क्लीनरने डिस्क पुसून काढली. तेव्हापासून स्प्रे फडक्यावर मारतो आणि फडकं गाडीला लावतो. सीटला चमक आणणाऱ्या सिलिकॉन पॉलिशचंही तेच. ब्रेक लावला की आपण टाकीवर घसरतो, आणि टायरला लागलं तर पहिल्या वळणावरच हिशेब होतो.

धुण्याची पद्धत आता ठरून गेली आहे. इंजिन गार होऊ द्यायचं, सावलीत उभी करायची. आधी नुसत्या पाण्याने सैल माती जाऊ द्यायची, हात लावायचा नाही. मग दोन बादल्या, एक शाम्पूची, एक साध्या पाण्याची. मऊ मिट (धुवायचा हातमोजा) टाकीवर एकदा फिरवला की साध्या पाण्यात खंगाळायचा, मगच परत शाम्पूत. पहिल्यांदा केलं तेव्हा साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी बोटभर गाळ बसला होता. तो पूर्वी कुठे जात असेल, याचा विचार करून पोटात गोळा आला. चाकं आणि चेनचा भाग शेवटी, वेगळ्या स्पंजने. एका वॉशिंग सेंटरवर चेन पुसलेला स्पंज माझ्या डोळ्यांदेखत टाकीवर आला, वर प्रेशरचा पाइप इतका जवळ धरला की स्टिकरची कड उचलली गेली. परत गेलो नाही. तसंही प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगवर आणि चेनच्या ओ-रिंगवर (कड्यांमधल्या रबरी चकत्यांवर) जवळून मारू नये.

पैसे कशावर घालायचे असं विचाराल तर पुसायच्या मोठ्या जाड मायक्रोफायबर टॉवेलवर. तो टाकीवर पसरून नुसता दाबायचा, घासायचा नाही. टाकीच्या झाकणाच्या खोबणीत पाणी साचतं ते कोपऱ्याने टिपायचं. शिवलेलं लेबल आधी कापून टाका, ते चरे पाडतं. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको, तंतू बुळबुळीत होतात आणि पाणी शोषत नाहीत. जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा टाकीला लागत नाही, त्याची बदली चेनकडे.

गाडी मॅट रंगाची असेल तर वॅक्स आणि पॉलिशबद्दल वर लिहिलेलं सोडून द्या. एकदा घासून चमक आली की तो तुकडा पुन्हा मॅट होत नाही.

गाडीच्या कव्हरचंही ऐकून ठेवा. धुळीच्या गाडीवर कव्हर घातलं आणि वारा सुटला की ते कव्हर दिवसभर टाकी घासत बसतं. मी आता कव्हर फक्त धुतलेल्या गाडीवर घालतो. किल्लीच्या जुडग्याने आणि जॅकेटच्या चेनने पडणारे चरे कुठल्याच बाटलीने थांबले नाहीत, तिथे पारदर्शक युरेथेन फिल्मचे दोन तुकडे लावले आणि जुडग्यातून किल्ली एकटी केली.

एक डाग मात्र राहिला. चौथ्या महिन्यात गाडी झाडाखाली दोन दिवस उभी होती, सीलंट संपत आलेला. पक्ष्याच्या विष्ठेत यूरिक अ‍ॅसिड असतं, त्यात तापलेला रंग मऊ पडतो आणि गार होताना त्या वाळलेल्या डागाभोवती आखडतो. ओला टिश्यू दहा मिनिटं ठेवून अलगद उचलला, घाण निघाली, पण खाली डाळीच्या दाण्याएवढा खळगा राहिला. नखाला लागतो. पॉलिशने काढायचा तर तेवढ्या खोलीपर्यंत थर खरवडायला हवा, आणि तो आहे नेमका टाकीच्या कडेवर. ठेवलाय तसाच. सीटवर बसलं की बरोबर डोळ्यांसमोर येतो.