कॅनन एलपी-ई६एनएच बॅटरी: घ्यावी कोणी, टिकवावी कशी

२०२० मध्ये कॅननच्या आर५ आणि आर६ या मिररलेस कॅमेऱ्यांबरोबर आलेली ही बॅटरी दिसायला जुन्या एलपी-ई६ आणि ई६एनसारखीच. तेच ७.२ व्होल्ट, तोच साचा, चार्जरही तोच एलसी-ई६. फरक आहे तो पोटात: ई६ची क्षमता १८०० एमएएच, ई६एनची १८६५, हिची २१३०. म्हणजे ई६एनपेक्षा साधारण १४ टक्के जास्त. एवढ्यावर हळदीपासून रिसेप्शनपर्यंत एकच बॅटरी पुरेल, या भ्रमात राहू नका.

कारण बॅटरी खातात ते कॅमेऱ्याचे डिस्प्लेचे पडदे. कॅननचा फाइव्ह डी मार्क ४ हा डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरवर, म्हणजे आरशातून थेट दिसणाऱ्या दृश्यावर, ई६एनमध्ये सुमारे ९०० फोटो काढतो, लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, तीच बॅटरी ३००ला आटोपते. मिररलेसमध्ये आरसाच नसतो, त्यामुळे पडदा सतत चालूच. आर६ ला ई६एनएच लावून व्ह्यूफाइंडरवर ‘पॉवर सेव्हिंग’मध्ये ३८० फोटो मिळतात, ‘स्मूद’ (पडद्यावरची हालचाल जास्त सफाईदार) केलं की २५०. हे आकडे कंपनीचे, २३ अंश सेल्सिअसचे. ‘डिस्प्ले परफॉर्मन्स’ ही एकच सेटिंग बदलली, तर नव्या बॅटरीचा सगळा फायदा धुऊन निघतो. पळणारं काही टिपायचं नसेल तर ‘स्मूद’ची गरज नाही. त्याच बैठकीत ‘प्रिव्ह्यू एएफ’ (बटण न दाबताही फोकस सतत चालू ठेवणारी सोय), वाय-फाय आणि ब्लूटूथही बंद करा, ऑटो पॉवर ऑफ १ मिनिटावर ठेवा. शटर अर्धा दाबला की कॅमेरा जागा होतो, त्यामुळे क्षण हुकेल ही भीती फारशी खरी नाही. उलट कारण नसताना शटर अर्धा दाबून धरायची सवय मोडा. फोकसची मोटर आणि लेन्सचा स्टॅबिलायझर तेवढा वेळ राबत असतात.

ओरिजिनलचे पैसे खरे वसूल होतात ते मेन्यूतल्या ‘बॅटरी इन्फो’च्या पानावर. उरलेलं चार्जिंग टक्क्यांत, डीएसएलआरमध्ये या चार्जवर शटर किती वेळा पडला तो आकडा, आणि खाली ‘रिचार्ज परफॉर्मन्स’चे तीन चौकोन. तिन्ही हिरवे म्हणजे तब्येत ठणठणीत, दोन हिरवे म्हणजे थोडी उतरलेली, एकच लाल उरला की ती बॅटरी मुख्य कामाला नेऊ नका. बऱ्याच डुप्लिकेटमध्ये कॅमेऱ्याशी बोलणारी चिप धड नसते. मग कॅमेरा कुरकुरतो आणि टक्के भरवशाचे राहत नाहीत. ४० टक्के दाखवत असताना अचानक बसते ती बहुधा हीच. त्याहून वाईट म्हणजे फुगणं. फुगलेली बॅटरी खाचेत अडकली तर पक्कडीने ओढू नका, सर्व्हिस सेंटर गाठा.

एलसी-ई६ चा दिवा वाचायला शिका. केशरी दिवा एकेकदा लुकलुकला तर चार्जिंग ५० टक्क्यांच्या आत, दोनदा म्हणजे ५० ते ७४, तीनदा म्हणजे ७५ च्या वर. स्थिर हिरवा झाला की काढा. भराभर लुकलुकू लागला तर काहीतरी बिघाड आहे: प्लग काढा, बॅटरी पुन्हा बसवा, दोन-तीन मिनिटांनी परत लावा. आर५-आर६ मध्ये यूएसबी पॉवर डिलिव्हरीवर (जास्त शक्ती देणाऱ्या यूएसबी-सी चार्जरवर) कॅमेऱ्यातच चार्ज करता येतं, पण फक्त ई६एन आणि ई६एनएच. मूळ ई६ नाही.

लिथियम बॅटरी पूर्ण उतरवून मगच चार्ज करायचा नियम जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातला. इथे तो उलटा नुकसान करतो. महिना-दोन महिने काम नसेल तर निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून कॅमेऱ्यातून काढा, टोपण लावा, गार कोरड्या जागी ठेवा. मे महिन्यात ताडोब्याच्या सफारीनंतर बॅग उन्हात उभ्या गाडीत राहिली, की क्षमता कायमची घटते. ती कुठल्याही सेटिंगने परत येत नाही.

टोपणाला बॅटरीच्या आकाराचं भोक असतं. निळा स्टिकर त्यातून दिसला तर भरलेली, उलटं लावलं तर रिकामी. मांडवातल्या गर्दीत याच्याइतकी बिनचूक खूण नाही.

तीन हिरवे चौकोन दाखवणाऱ्या दोन ई६एन हाताशी असतील आणि कॅमेरा डीएसएलआर असेल, तर ई६एनएचवर खर्च करू नका. आर५ किंवा आर६ असेल तर निदान एक घ्याच: मेकॅनिकल शटरचा सेकंदाला १२ फोटोंचा पूर्ण वेग जुन्या बॅटऱ्यांवर मिळत नाही.