अडुळशाच्या पानावरचे रसायनशास्त्र: एका प्राध्यापक कार्यशाळेचे परीक्षण

पदवीच्या रसायनशास्त्र प्रात्यक्षिकांत औषधी वनस्पतींचे पारंपरिक ज्ञान कसे आणावे, या विषयावर सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका महाविद्यालयाने प्राध्यापकांसाठी घेतलेली कार्यशाळा मी नुकतीच पूर्ण केली. अशा उपक्रमांत बहुधा आयुर्वेदाच्या थोरवीवर एक व्याख्यान होते आणि प्रात्यक्षिके पूर्वीसारखीच चालू राहतात. येथे मात्र परंपरेतील कृतीलाच प्रयोगाचा प्रश्न केले होते आणि हेच या कार्यशाळेचे खरे बळ आहे.

सर्वांत उत्तम बांधलेला प्रयोग अडुळशाचा होता. पाने वाफवून मग रस काढण्याच्या घरगुती रीतीपासून सुरुवात करून ताजी, वाफवलेली आणि सावलीत वाळवलेली अशा तीन प्रकारच्या पानांचा अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा, आम्ल आणि अमोनिया वापरून त्यातील अल्कलॉइड (वनस्पतींतील नायट्रोजनयुक्त द्रव्ये) वेगळी करायची आणि मिश्रणातील घटक वेगळे करणाऱ्या पातळ थराच्या टीएलसी प्लेटवर अल्कलॉइड दाखवणारा ड्रॅगेनडॉर्फ अभिकर्मक फवारून उमटलेल्या नारिंगी ठिपक्यांची तुलना करायची, असा त्याचा क्रम आहे. वासिसिन या अडुळशातील मुख्य अल्कलॉइडचे हवेतील ऑक्सिजनमुळे वासिसिनोन होते, हे वाक्य विद्यार्थी वाचतो आणि विसरतो; पान कसे हाताळले यावर अर्काचे घटक अवलंबून असू शकतात, हे प्रयोगासाठी हाती आले की तो आपणहून पुढचे प्रश्न विचारतो. खोकल्यावरील ब्रोमहेक्सिन हे औषध वासिसिनच्या रचनेवरूनच घडवले गेले, हा दुवाही मार्गदर्शकांनी नेमक्या जागी दिला.

गुळवेलीचे प्रात्यक्षिक त्या मानाने घाईत उरकले. बाजारातून आणलेले खोडाचे तुकडे थेट अर्कासाठी घेतले गेले. तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली असताना वनस्पतिशास्त्र विभागाकडून आधी ओळख पटवून घ्यायला हवी होती.

माझा गंभीर आक्षेप मात्र प्रयोगपुस्तिकेवर आहे. तीत प्रत्येक वनस्पतीखाली ‘पारंपरिक माहितीनुसार’ एवढाच उल्लेख आहे. ती माहिती कोणत्या गावातील, कोणत्या समाजातील जाणकारांकडून आली, याची नोंद कोठेही नाही. केरळमधील काणी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीवरून तिरुवनंतपुरमच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने ‘जीवनी’ हे औषध तयार केले, १९९५ मध्ये त्याच्या उत्पादनाचा परवाना दिला आणि परवाना शुल्क व स्वामित्वधन यांतील निम्मा वाटा काणींना देण्याचे ठरवले. हे उदाहरण कार्यशाळेत कोणी काढलेही नाही, आणि अशा लाभवाटपाची तरतूद असलेल्या २००२ च्या जैविक विविधता कायद्याचा विषयही एका स्लाइडवर संपला. संशोधन निबंधात संदर्भ गाळणे आपण चूक मानतो. वैदूचे ज्ञान वापरताना तोच नियम का नसावा?

रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्यांनी अडुळशाच्या प्रयोगासाठी ही कार्यशाळा अवश्य करावी. आयोजकांनी पुढील पुस्तिकेत प्रत्येक प्रयोगाला नमुना गोळा केल्याचे ठिकाण, हर्बेरियम क्रमांक (वाळवून जतन केलेल्या वनस्पतीनमुन्याचा नोंदक्रमांक) आणि माहिती देणाऱ्याच्या संमतीने त्याचे नाव, असे तीन रकाने जोडावेत.