कोंबडीच्या पायातील मज्जातंतूंचे मॉडेल: कमरेपाशी उत्तम, गुडघ्यापाशी चुकलेले

पशुवैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षासाठी विकले जाणारे हे रेझिनचे मॉडेल कोंबडीची कंबर आणि उजवा पाय दाखवते. आकार मुळापेक्षा मोठा असल्याने मागच्या बाकावरूनही ते नीट दिसते.

मॉडेलची खरी करामत कमरेत आहे. पक्ष्यांची मूत्रपिंडे कमरेच्या हाडांच्या खोबणीत घट्ट बसलेली असतात आणि सायटिक मज्जातंतूची (पायाच्या मुख्य मज्जातंतूची) मुळे मूत्रपिंडाच्या मधल्या भागातूनच बाहेर पडतात, त्यामुळे प्रत्यक्ष विच्छेदनात नवख्या विद्यार्थ्याच्या हातून मूत्रपिंड खरवडताना मुळेही तुटतात. येथे मूत्रपिंडाचे तिन्ही भाग सुटे निघतात. मधला भाग उचलला की ती मुळे एकत्र येऊन, कमरेच्या हाडातील मोठ्या छिद्रातून, धमनीच्या सोबतीने मांडीत उतरताना दिसतात. मूत्रपिंडात गाठ झालेला बजरीगर (पाळीव छोटा पोपट) एका पायाने का लंगडतो, हे समजावताना मग फार बोलावे लागत नाही. फिमोरल आणि ऑब्ट्युरेटर हे मज्जातंतूही योग्य जागी आहेत.

गुडघ्यापाशी मात्र ढिलाई झाली आहे. सायटिकचे टिबियल आणि फिब्युलर असे दोन फाटे मांडीतच वेगळे होतात आणि फिब्युलर फाटा गुडघ्यामागे इलिओफिब्युलॅरिस स्नायूच्या कंडरेबरोबर एका तंतुमय फासातून पलीकडे जातो. मॉडेलमध्ये फास आहे, कंडराही त्यातून ओवलेली आहे, पण मज्जातंतू फासाच्या बाहेरून नेला आहे. एवढ्या किमतीच्या वस्तूत ही चूक खपवून घेण्यासारखी नाही.

दुसरी तक्रार रंगाची. सर्व मज्जातंतू सपाट पिवळे रंगवले आहेत. निरोगी सायटिक पांढरा, चकचकीत असतो आणि त्यावर बारीक आडव्या रेषा दिसतात. हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये वर्णन केलेल्या आणि आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगात तो सुजतो, करडा किंवा पिवळट पडतो आणि त्या रेषा नाहीशा होतात. म्हणजे निरोगी म्हणून विकलेल्या मॉडेलचा रंग रोगट मज्जातंतूच्या जवळ जातो! म्हणजे निरोगी म्हणून विकलेल्या मॉडेलचा रंग रोगट मज्जातंतूच्या जवळ जातो!

विभागाच्या खर्चाने घ्यायचे असेल तर कमरेच्या भागासाठी जरूर घ्यावे. विद्यार्थ्याने स्वतःच्या पैशाने घेण्याइतके ते निर्दोष नाही. सोबतच्या तक्त्यावरील आकडे भिंग लावून वाचावे लागतात, तेव्हा तो मोठा करून छापून घ्यावा आणि फासापाशी दुरुस्तीची खूण करावी.