घरी बांधलेला लॅमिनार फ्लो : पावसाळा, हिवाळा काढल्यानंतर

गेल्या उन्हाळ्यात घरच्या टिश्यू कल्चरसाठी (बाटलीत निर्जंतुकपणे रोपं वाढवण्यासाठी) दोन बाय दोन फुटी आडवा लॅमिनार फ्लो, म्हणजे गाळलेली हवा एका दिशेने संथ सोडणारी पेटी, बांधून घेतला. काम ऑर्किड आणि केळीपुरतंच. आता पावसाळा, हिवाळा दोन्ही पार पडलेत, म्हणून ठामपणे सांगते: पैसे आधी हवा ढकलणाऱ्या ब्लोअरवर घाला, मग फिल्टरवर.

सगळी चर्चा हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या कागदी फिल्टरभोवतीच फिरते. 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण तो अडवतो, हे खरंच आहे. बुरशीचे बीजाणू तर बहुतेक 2 मायक्रॉनच्या वरचे. पण त्या कागदातून हवा ढकलायची कोणी? साठ सेंटिमीटर चौरस तोंडातून सेकंदाला 0.45 मीटर वेगाने हवा हवी, तर तासाला सुमारे 580 घनमीटर लागते, आणि तीही फिल्टरचा विरोध मोडून. एक्झॉस्ट फॅन मोकळ्यावर भरपूर हवा फेकेल, फिल्टर समोर आला की त्याचा दम तुटतो. सेंट्रिफ्युगल ब्लोअरच घ्या. पुण्याच्या तापकीर गल्लीतले दुकानदार 'सीएफएम किती' (मिनिटाला किती घनफूट हवा) हे लगेच सांगतात. तुम्ही 'किती पास्कलला', म्हणजे किती दाबाच्या विरोधात, हे विचारा.

पेटी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या 18 मिलिमीटर मरीन प्लायची, आतून सनमायका. पुसायला सोपी, आणि पावसाळ्यात फुगली नाही.

सगळ्यात कामाची निघाली ती पारदर्शक नळी. यू आकारात वाकवून रंगीत पाणी भरलं, एक टोक ब्लोअर आणि हेपाच्या मधल्या पोकळीत, दुसरं खोलीत मोकळं. पाण्याचा एक मिलिमीटर फरक म्हणजे साधारण 10 पास्कल. फरक वाढत गेला तर हेपा भरतोय, कमी झाला तर ब्लोअरच्या मागचा, जाड धूळ अडवणारा प्रीफिल्टर तुंबलाय. दिवाळीच्या सुमारास शेजारी टाइल्स कापायचं काम निघालं तेव्हा पाण्यातला फरक हळूहळू कमी झाला. प्रीफिल्टर धुऊन पूर्ण वाळवून बसवला, पाणी जागेवर. या नळीचा खर्च जवळजवळ शून्य, तरी तयार मशीनवाल्यांनाही मी हीच लावायला सांगेन.

तक्रार एकच. फिल्टरबरोबर आलेलं गास्केट (कडेची फट बुजवणारी पट्टी) एका कोपऱ्यात सुटलेलं होतं. चारही कोपऱ्यांत आणि मध्ये अगारच्या (जंतू, बुरशी पडली तर वाढेल अशा पोषक जेलीच्या) डिश अर्धा तास उघड्या ठेवल्या. काही दिवसांनी त्याच कोपऱ्यातल्या डिशवर हिरवा ठिपका, बाकीच्या चार स्वच्छ. सिलिकॉन भरून पुन्हा चाचणी केली, पाचही कोऱ्या. फिल्टरचं सर्टिफिकेट कागदाचं असतं, फटीचं नव्हे. ही चाचणी केल्याशिवाय एकही रोप आत नेऊ नका.

उदबत्तीचा धूर पुढच्या कडेशी धरला की तो आत वळताना दिसतो, म्हणजे तिथे खोलीतली हवा शिरते. म्हणून बाटल्या कडेपासून निदान 15 सेंटिमीटर आत.

पाषाणच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने) बांबूला बाटलीत फुलं आणली, 1990 मध्ये ते काम 'नेचर'मध्ये छापून आलं. त्याच पुण्यात आता घरच्या टेबलावर केळीचे कोंब फुटतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण या यंत्रातली हवा थेट आपल्या तोंडावर येते. ते बाटलीला जपतं, माणसाला नाही. अनोळखी बुरशी, नाल्याचं पाणी, आजारी माणसाचे नमुने यात उघडायचे नाहीत. स्पिरिटचा दिवा पेटलेला असताना 70 टक्के आयपीएचा (पुसायला वापरतात त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा) फवारा तर मुळीच नाही.

लाइट गेली की मी सगळ्या बाटल्या बंद करते, आली की वीस मिनिटं रिकामा चालवून, पुसून मगच पुढचं काम.