भाड्याने राहण्यासाठी बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज

नवी मुंबईत भाड्याचे घर दाखवताना दलाल सीसीटीव्ही, फाटकावरचे वॉचमन आणि पाहुण्यांची नोंद घेणारे ॲप यांचेच गुणगान करतात. बेलापूरच्या सेक्टर ८ मधील आर्टिस्ट व्हिलेजमध्ये मात्र सुरक्षिततेची भिस्त मुख्यतः घरांच्या मांडणीवर आहे. तिथे भाडेकरू म्हणून राहिल्यानंतर मला ती मांडणी पहाऱ्यापेक्षा अधिक भरवशाची वाटते.

पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, सिडकोसाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलेल्या या वसाहतीत साधारण ८ मीटर लांब-रुंद चौकाभोवती ७ घरे आहेत. अशा ३ गटांमध्ये मिळून सुमारे १२ मीटरचा मोठा चौक आहे, आणि ही रचना पुढेही अशीच वाढत जाते. त्यामुळे रस्त्यावरून घराच्या दारापर्यंत येणारा अनोळखी माणूस कुणा ना कुणाच्या नजरेखालून जातोच. आमच्या चौकात कुरियरवाला पत्ता शोधत घुटमळला, की ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या काकू "कोणाकडे आलात?" असे विचारत आणि घरी कोणी नसेल तर पार्सल स्वतःकडे ठेवून घेत. सात घरांतली माणसे, त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा आणि गाड्या लवकरच पाठ होतात. उंच इमारतीत लिफ्टमध्ये भेटणारा माणूस शेजारी आहे की आगंतुक, हेही अनेकदा कळत नाही. शिवाय मूळ आखणीत शेजाऱ्यांच्या भिंती सामाईक नाहीत आणि खिडक्या एकमेकांच्या घरावर उघडत नाहीत, म्हणून शेजारची नजर चौकातच थांबते.

हे सर्वच चौकांबद्दल आता म्हणता येणार नाही. गरजेनुसार घर वाढवता यावे हा मूळ हेतूच होता. परंतु अनेक मालकांनी जुनी कौलारू घरे पाडून बहुमजली घरे बांधली, काहींनी उंच कुंपणभिंती घातल्या आणि त्यात ओटे गेले. अशा चौकातून रात्री जाताना मला अस्वस्थ वाटत असे, कारण घरे तितकीच जवळ असूनही बाहेर बघणारे कोणी नसे. आतल्या काही बोळांत उजेडही अपुरा होता.

म्हणून घर पसंत करताना खोल्यांइतकाच चौकही पाहावा, तोही अंधार पडल्यावर: दिवे लागतात का, दारे चौकाकडे उघडतात का, मुले बाहेर खेळत आहेत का. ज्यांना मोटार दारातच उभी करायची आहे, त्यांनी मात्र दुसरीकडे शोधावे.