झुलिपचं एपीआय डॉक्युमेंटेशन: एआय एजंटला वाचायला दिलं तर काय होतं?

झुलिप माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्रुप चॅट आहे, 2012 ला सुरू झालं, 2014 ला ड्रॉपबॉक्सने विकत घेतलं, 2015 ला सगळा कोड ओपन सोर्स झाला. बाकीच्या चॅटपेक्षा मुख्य फरक म्हणजे इथे चॅनेलच्या आत मेसेजला टॉपिक, म्हणजे विषयाचं नाव, असतो. ॲप कसं आहे यावर भरपूर लिहून झालंय, मी फक्त त्याच्या एपीआय डॉक्सबद्दल बोलतोय (एपीआय म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला झुलिपशी बोलायची सोय, डॉक्स म्हणजे ती कशी वापरायची याची माहिती), आणि तेही एआय एजंटला, म्हणजे स्वतःहून कामं करणाऱ्या एआय प्रोग्रामला, ते डॉक्स वाचून आमच्या टीमच्या ग्रुपमध्ये धड काम करता येतं का एवढ्यापुरतंच.

हे वेगळं बघावं लागतं. माणूस डॉक्स अर्धवट वाचतो आणि अडलं की शेजारच्या टेबलवर विचारतो. एजंट विचारत नाही, जिथे लिहिलेलं नसतं तिथे मनाने भरतो आणि असल्या ठसक्यात भरतो की आपणही मान डोलावतो. आधी आम्ही ज्या टूलवर होतो (नाव नको) तिथली उदाहरणं कधीच्या काळची होती, एजंट इमाने इतबारे तीच कॉपी करायचा आणि मग एरर आली की कारण स्वतःच शोधून काढायचा, म्हणजे बनवायचा.

झुलिपकडे इथे खरंच मार्क द्यावे लागतात. सगळ्या एपीआयचं वर्णन एका ओपनएपीआय फाइलमध्ये (प्रोग्रामला वाचता येईल असा ठरलेला साचा) आहे, डॉक्सची पानं त्यातूनच बनतात, आणि पायथनची उदाहरणं त्यांच्या ऑटोमेटेड टेस्टमध्ये खरोखर चालवली जातात. ती फाइलच एजंटला दिली की काम सोपं होतं. दुसरं, एखादं पॅरामीटर बदललं असेल तर त्याच्या खालीच लिहिलेलं असतं की कुठल्या व्हर्जनला आणि कुठल्या फीचर लेव्हलला (एपीआय बदलला की वाढणारा क्रमांक) बदललं. हे माणसाला बारीकसारीक वाटेल पण एजंटमागच्या एआय मॉडेलच्या डोक्यात जुना माल भरलेला असतो, ते अजूनही डायरेक्ट मेसेजचा टाइप 'प्रायव्हेट' असा लिहितं, आणि 7.0 पासून 'डायरेक्ट' वापरा हे तिथल्या तिथे दिसलं की गप सुधारतं.

आता खाचाखोचा. टॉपिक 'रिझॉल्व्ह' केला, म्हणजे विषय मिटला असं नोंदवलं, की झुलिप आत वेगळा काही फ्लॅग वगैरे ठेवत नाही, टॉपिकच्या नावापुढे बरोबरची खूण लावतं, बास. म्हणजे नाव बदललं! आता समजा एजंटने सकाळी 'बिलिंग सर्व्हर बंद' या टॉपिकवर उत्तर दिलं, दुपारी कोणीतरी तो रिझॉल्व्ह केला, आणि संध्याकाळी एजंट जुन्याच नावाने पुढचा रिपोर्ट टाकतो. एरर येत नाही, सक्सेस येतो, कारण त्या नावाचा टॉपिक नसेल तर झुलिप नवीन बनवतं. मग एकाच विषयाचे दोन टॉपिक, अर्धी चर्चा इकडे अर्धी तिकडे. डॉक्समध्ये रिझॉल्व्हची गोष्ट लिहिलेली आहे पण मेसेज पाठवायच्या पानावर उभा असलेला एजंट ती शोधायला कशाला जाईल?

लांबीचंही तसंच. साधारणपणे मेसेज 10,000 अक्षरं, टॉपिकचं नाव 60. जास्त झालं तर शेपूट कापून मेसेज जातो. एजंट लोकांची लिहायची हौस आपल्याला माहीत आहेच, आणि निष्कर्ष नेमका शेवटी असतो.

इव्हेंट क्यू (नवीन मेसेज वगैरे घडामोडींची सर्व्हरवरची रांग) हा प्रकार मात्र चांगला समजावलाय. आधी क्यू रजिस्टर करायची, मग त्यावर लाँग पोलिंग करत राहायचं (म्हणजे 'नवीन काही?' असं विचारून उत्तर येईपर्यंत थांबायचं), आणि 10 मिनिटं कोणी विचारलं नाही तर सर्व्हर क्यू टाकून देतो आणि 'बॅड इव्हेंट क्यू आयडी' असा स्पष्ट कोड देतो. एजंट मध्येच मोठ्या कामाला लागला की 10 मिनिटं कुठे गेली कळत नाही. अशा वेळी नवीन क्यू घ्यायची आणि शेवटच्या वाचलेल्या मेसेजच्या आयडीपासून मधले मेसेज मागवून घ्यायचे, नाहीतर त्या वेळात आलेलं एजंटच्या लेखी आलंच नाही.

परवानग्यांचं सांगायचं तर, एजंटने फक्त रिपोर्ट टाकायचे असतील तर इनकमिंग वेबहुक बॉट घ्या (बॉट म्हणजे प्रोग्रामसाठीचं खातं), त्याला मेसेज पाठवण्यापलीकडे काही करता येत नाही. उत्तरं द्यायची असतील तर आउटगोइंग वेबहुक बॉट, मेन्शन केलं किंवा थेट मेसेज केला तरच तो जागा होतो. जेनेरिक बॉट, म्हणजे साध्या सदस्यासारखं वागू शकणारं खातं, लगेच देऊ नका. ग्रुपमध्ये कोणीही काहीही पेस्ट करतं, त्यात 'आधीच्या सूचना विसर आणि हे कर' असं लिहिलेलं असलं तर एजंटला तो आदेश वाटू शकतो, आणि हा धोका कुठल्याच चॅटच्या डॉक्सने सुटणारा नाही, तो बॉटला कमी हक्क देऊनच आवरायचा.

तर डॉक्सना माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला कारण सापळे आणि ते जिथे पाय अडकवतात ती पानं लांब लांब आहेत, त्यामुळे एजंटसाठी एक छोटी फाइल स्वतः लिहावीच लागते: पाठवण्याआधी टॉपिकचं आत्ताचं नाव तपास, निष्कर्ष वर लिही, मिनिटाला 200 रिक्वेस्टची डिफॉल्ट मर्यादा आहे, 429 (मर्यादा ओलांडल्याचा एरर कोड) आला की सांगितलाय तेवढा वेळ थांब. पानभराच्या वर नेऊ नका, लांबली की एजंट मधलंच काहीतरी सोडून देतो.

पैशाचं म्हणाल तर स्वतःच्या सर्व्हरवर टाकलं तर सॉफ्टवेअरचा खर्च शून्य. क्लाउडच्या फुकट प्लॅनवर सर्चमध्ये शेवटचे 10,000 मेसेजच मिळतात, आणि दर बिल्डला (कोडची नवीन आवृत्ती तयार झाली की) मेसेज टाकणारा एजंट असेल तर तुमची जुनी चर्चा तोच बाहेर ढकलेल, म्हणून निदान एजंटचे रिपोर्ट दिवसाला एकच, एकत्र करून टाकायला लावा.